आठवणींतला इतिहास

इतिहास लिहावयाचा म्हणजे प्रथम कागदपत्रे पाहिली पाहिजेत, हे खरेच आहे. ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार, सरकारी दप्तरे यांवाचून इतिहासाला आधार नाही. परंतु हे सारे लिहिले कोणी? ज्यांना लिहिता येत होते, त्यांनी. ज्यांच्या हाती पाटीपेन्सिल कधी पडलीच नाही, त्यांचे जीवन दप्तरांत क्वचित उमटले. आणि उमटले तेही बहुधा परक्याच्या लेखणीने.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. ठराव, भाषणे, तारीख हे सर्व नमूद आहे. पण परिषदेस निघालेल्या बाईने गाडीभाड्याचे पैसे कोठून आणले? कडेवरच्या लेकराचे काय केले? घरून विरोध झाला असेल, तो तिने कसा सोसला? हे कोणत्या ठरावात सापडणार?

उर्मिला पवार व मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना समक्ष भेटून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या नावातील 'ही' हे अक्षर विसरू नये! नागपूरच्या परिषदेच्या वेळी जी विशीत होती, ती आता सदुसष्टीला पोहोचली होती. आणखी काही वर्षे विलंब झाला असता, तर विचारावयाचे कोणाला?

स्मरणशक्ती दगा देते, हा आक्षेप खोटा नव्हे. जुनी माणसे इसवी सन सांगत नाहीत. 'थोरली पाळण्यात होती तेव्हा' असे सांगतात. म्हणून तारीख कागदावरून ताडून पाहावी. मात्र कागदही चुकतो, आणि कारकुनाला जे क्षुल्लक वाटले ते तो लिहीतच नाही.

तुम्हीही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. 'तेव्हाची परिस्थिती कशी होती?' असे विचारल्यास 'फार हलाखीची, बाळा' एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी 'त्या दिवशी शिदोरीला काय नेले होते?' असे विचारावे, आणि मग थांबावे. मध्ये बोलू नये. जे सांगितले जाईल ते सांगणाऱ्याच्याच बोलीत उतरून घ्यावे, शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. पानाच्या माथ्यावर सांगणाऱ्याचे नाव, गाव व तो दिवस लिहून ठेवावा.