काक्षी : नावाचा आणि ताऱ्याचा खुलासा

मृग नक्षत्राच्या चौकोनात ईशान्येच्या कोपऱ्यावर जो ठळक तांबूस तारा दिसतो, त्यास मराठीत काक्षी आणि पाश्चात्त्य तारकापटांत बीटलज्यूज म्हणतात. आणि या दुसऱ्या नावाचा अरबी अर्थ 'काख' असा आहे, ही समजूत इतकी रूढ आहे की आपल्या 'काक्षी'तही कक्ष म्हणजे काख हाच अर्थ दिसतो. वस्तुतः अरबांचे मूळ नाव 'यद अल्-जौझा', म्हणजे जौझेचा हात. जौझा ही त्यांनी या तारकांत कल्पिलेली आकृती. अरबी लिपीत शब्दारंभी 'य' आणि 'ब' यांची घडण एकच असते. खाली दोन नुक्ते असतील तर 'य' आणि एकच असेल तर 'ब', एवढाच काय तो भेद. मध्ययुगात हे नाव लॅटिनमध्ये उतरताना 'य'चा 'ब' वाचला गेला, आणि पुढील विद्वानांनी त्या निरर्थक शब्दाची मुळाशी रुजवात घालण्याऐवजी त्याचा 'काख' असा अर्थ बिनदिक्कत बसवला. काखेला अरबीत 'इब्त' म्हणतात. एका नुक्त्याची नजरचूक क्षम्य होय. तिच्यावर पांडित्याचे शिक्कामोर्तब व्हावे, हे मला अधिक खेदाचे वाटते. आपल्या परंपरेत, जेथे मधले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण, तेथे हा तारा हातही नव्हे आणि काखही नव्हे. तो मृगाच्या चार पायांपैकी एक आहे.

लाल म्हणजे अतितप्त, हाही भ्रमच. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,800 केल्विन, तर काक्षीचे अवघे 3,500च्या आसपास. त्याचे तेज आहे ते त्याच्या प्रचंड आकारामुळे. 1920 साली माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीज यांनी त्याचा कोनीय व्यास मोजला, आणि सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास प्रत्यक्ष मोजला जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. सूर्याच्या जागी काक्षी ठेवला, तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल.

2019च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी 2020पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या जवळपास तिसऱ्या हिश्शावर आले, तेव्हा त्याचा स्फोट आता समीप आला अशी वार्ता सर्वत्र पसरली. परंतु ताऱ्याने बाहेर फेकलेले द्रव्य निवून त्याची धूळ झाली आणि ती आपल्या दृष्टिरेषेत आली, हे त्याचे मुख्य कारण ठरले, व काही महिन्यांत तारा पूर्ववत झाला. स्फोट होणार हे खरे. मात्र त्यास अद्याप लाखभर वर्षे लागू शकतील. तो झाला तरी पाचशेहून अधिक प्रकाशवर्षांच्या अंतरामुळे पृथ्वीस अपाय नाही. काही काळ तो तारा दिवसाढवळ्याही दिसेल, इतकेच.