प्रवेश मिळाला, निभाव कसा लागणार?

वर्षाला 60,000 रुपये. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला बाहेर राहून शिकता यावे, म्हणून 2016-17 मध्ये सुरू झालेल्या ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजने’त मुंबईसाठी ठरलेली ही रक्कम. जेवणासाठी 32,000, राहण्यासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000 अशी तिची विभागणी. वर्षभरावर पसरली, तर दोन वेळच्या जेवणाला दिवसाला सुमारे 88 रुपये आणि खोलीला महिन्याला 1,667 रुपये पडतात. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिलेल्या परळमध्ये एवढ्यात कॉट बेसिसवरही जागा मिळणे कठीण.

याच परळमध्ये केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या 250 जागा आहेत. अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के वगळल्या, तर राज्याकडे सुमारे 212 उरतात. त्यात अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के, म्हणजे 15 च्या आसपास जागा. वर्गात आपल्यासारखे मोजके, घर दूर आणि पुस्तके इंग्रजीत, अशा परिस्थितीत आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलाला पहिले वर्ष काढायचे असते.

देशपातळीवरचे आकडे दिलासाही देतात आणि सावधही करतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2014-15 मध्ये अनुसूचित जातींचे सुमारे 46 लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते; 2021-22 मध्ये ते 66 लाखांवर गेले. अनुसूचित जमातींची संख्या 16 लाखांवरून 27 लाखांवर पोचली. तरीही त्या वर्षी 18 ते 23 वयोगटातील लोकसंख्येशी तुलना करणारे नोंदणीचे प्रमाण एकूण 28.4 टक्के असताना अनुसूचित जातींचे 25.9 आणि जमातींचे 21.2 टक्के होते. मुस्लिम समाजाची दरी सर्वांत रुंद: 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14.2 टक्के, उच्च शिक्षणातील वाटा मात्र 4.9 टक्क्यांच्या आत. तरीही मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, जैन, शीख आणि पारशी संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली.

नोंदणी वाढली, हे आरक्षण आणि शिष्यवृत्त्यांचे यश आहे. पण नोंदणी म्हणजे निभाव नव्हे. 1918 मध्ये डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे कोलंबियाची पदवी होती, पगार 450 रुपये होता. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तेव्हा ते परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. 1924 मध्ये परळच्याच दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि 1925 मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलगा शिकायचा तर त्याला आधी छप्पर आणि जेवण हवे, हे त्या पिढीने ओळखले होते.

केईएम आणि त्याचे कॉलेज यांचा जन्मही नाकारलेपणातूनच झाला. भारतीय डॉक्टरांना अध्यापनाची मोठी पदे मिळत नव्हती, म्हणून सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी शिक्षक भारतीयच असावेत, अशी अट घालून देणगी दिली. 1926 मध्ये संस्था उभी राहिली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांनुसार उच्च शिक्षण संस्थांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. त्याचे नाव आणि फोन नंबर प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लागला पाहिजे. स्वाधारची रक्कम महागाईशी जोडली जावी आणि सत्राच्या सुरुवातीलाच खात्यात पडावी. खोलीचे डिपॉझिट पहिल्याच दिवशी भरावे लागते. आणि प्रत्येक कॉलेजाने किती जणांना प्रवेश दिला यासोबत, कोणत्या प्रवर्गातले किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हा आकडाही दरवर्षी जाहीर करावा. तो मागण्याचा हक्क पालकांना आणि विद्यार्थ्यांना आहे. तो त्यांनी जरूर वापरावा.