तान्ह्या बाळाची आई आणि योम किप्पूरचा निर्जळी उपवास

चौविहार उपवास म्हणजे काय, हे जैन कुटुंबात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्यू धर्मातील योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनाचा उपवास जवळजवळ तसाच आहे. सूर्यास्तापूर्वी काही मिनिटे तो सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी आकाशात तारे दिसू लागल्यावर सुटतो. या सुमारे पंचवीस तासांत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. उकळलेल्या पाण्याची मोकळीकही नाही. स्नान, अंगाला तेल लावणे, चामड्याची पादत्राणे आणि पती-पत्नीसंबंध हेही त्या दिवशी वर्ज्य असतात. मुलीला बारावे आणि मुलाला तेरावे वर्ष पूर्ण झाले की हा उपवास बंधनकारक होतो. तोराहमधील ‘लेवीय’ या ग्रंथात त्याची आज्ञा आहे, म्हणून त्याचा अधिकार सर्वांत मोठा.

आता अशा एखाद्या घरात सहा आठवड्यांचे मूल असेल आणि ते केवळ आईच्या अंगावर पीत असेल, तर त्या आईने काय करावे? व्रत एकट्या आईचे असते, पण तिच्या शरीरातील पाण्यावर दुसरा जीव जगत असतो आणि त्या जिवाने कोणतेही व्रत घेतलेले नसते. ज्यू धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार दोन हजार वर्षे केला आहे, आणि आजही दरवर्षी या सणाच्या आधी घरोघरी तो नव्याने विचारला जातो.

मराठी भाषेला हा दिवस परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबाग-पेणच्या परिसरात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल लोक त्याला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. या दिवशी ते पांढरी वस्त्रे नेसून, घराची दारे लावून आत बसत आणि बाहेरच्यांशी संपर्क टाळत. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत. ज्यू महिनाही अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीपासून सुरू होतो, त्यामुळे तिश्री महिन्याची दहावी तिथी म्हणजे योम किप्पूर आपल्या शुद्ध दशमीच्या आसपास येतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो नेमका दसऱ्याला आला होता.

वर्षातील सर्वच ज्यू उपवास सारखे कडक नसतात. गदल्याचा उपवास, तेवेतची दशमी, तम्मूजची सतरावी तिथी आणि एस्तेरचा उपवास हे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे लहान उपवास आहेत. त्यांतून अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला शास्त्रानेच वगळले आहे. पोलंडकडील परंपरेत त्रास होत नसेल तर तिने तेही करावेत अशी रूढी पडली होती, परंतु आज तिकडचे बहुतेक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तिला मोकळीक देतात. खरी अडचण आहे ती दोन मोठ्या उपवासांची. एक योम किप्पूर. दुसरा तिशा ब-आव, म्हणजे आव महिन्याची नवमी. यरुशलेमचे पहिले मंदिर इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने आणि दुसरे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले, त्याचा हा शोकदिन. तो येतो जुलै-ऑगस्टमध्ये, इस्रायलच्या भर उन्हाळ्यात.

योसेफ कारो यांच्या ‘शुल्खान आरूख’ या संहितेत, जी १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापली गेली, गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांनी हे दोन्ही उपवास इतरांप्रमाणेच पूर्ण करावेत असे स्पष्ट लिहिले आहे. वरवर पाहता हा निर्णय निष्ठुर वाटतो. पण त्याच संहितेत पुढे बाळंतिणीचे दिवस मोजलेले आहेत. प्रसूतीनंतर पहिले तीन दिवस तिने योम किप्पूरचाही उपवास मुळीच करावयाचा नाही. तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत तिने ‘मला अन्नाची गरज आहे’ एवढे म्हटले तरी पुरे, तिला खाऊ घालावे. सातव्या दिवसानंतर मात्र ती इतरांसारखी. तिशा ब-आवचा उपवास मागाहून ठरविला गेलेला असल्यामुळे त्याचे बंधन सौम्य आहे. त्यातून बाळंतिणीला तीस दिवस सूट मिळते, आणि त्यानंतरही ती आजारी किंवा फार अशक्त असेल तर, जिवावरचे संकट नसले तरी, तिने खावे असा निर्णय दिला जातो. आपल्याकडच्या सव्वा महिन्याची आठवण येथे अनेकींना होईल.

सातव्या दिवसानंतरच्या आईचे काय? येथे ‘पिकुआख नेफेश’, म्हणजे जीवरक्षण, हे तत्त्व लागू होते. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथातच सांगितले आहे की जीव धोक्यात असल्याची नुसती शंका असली, तरी ती शब्बाथच्या नियमांहून श्रेष्ठ ठरते. योम किप्पूरलाही हाच न्याय लागू आहे. रोग्याला गरज आहे की नाही यावर वैद्य आणि रोगी यांच्यात मतभेद झाला आणि रोगी ‘हवे’ म्हणत असेल, तर शंभर वैद्यांचे मत बाजूला ठेवून त्याचेच ऐकावे, असा नियम आहे. उलट रोगी ‘नको’ म्हणत असेल आणि वैद्य ‘हवे’ म्हणत असेल, तर वैद्याचे ऐकावे. दोन्ही बाजूंनी कौल जीव वाचविण्याकडेच झुकविलेला आहे.

तान्हे मूल मात्र ‘मला हवे’ असे म्हणू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने शास्त्रकारांना बोलावे लागले. मूल आजारी असून केवळ आईच्याच अंगावर पीत असेल आणि तिच्या उपवासामुळे त्याला धोका संभवत असेल, तर आई स्वतः धडधाकट असली तरी तिने उपवास करू नये, हा निर्णय रब्बी इस्रायल मेईर कागान (१८३८–१९३३) यांनी आपल्या भाष्यात नोंदविला आहे. त्याहून अवघड प्रसंग निरोगी मुलाचा. बाटलीचे दूध मिळत असताना धोका कसला, असे काही रब्बी म्हणतात. दुसरे म्हणतात की कित्येक मुले बाटली तोंडात धरत नाहीत, आणि एकदा आटलेले दूध परत येईलच याची हमी कोण देणार? या दुसऱ्या मताचे वजन अधिक वाटते, कारण मुलाला अंगावरून तोडणे ही एका दिवसापुरती गोष्ट राहत नाही.

या दोन टोकांमधला एक मार्ग आहे, आणि व्यापारी घरांतील वाचकांना तो विशेष रोचक वाटेल, कारण तो सारा मापाचा आहे. बीसह धरलेल्या एका मोठ्या खजुराएवढे अन्न किंवा गालभर पेय ठरावीक वेळात पोटात गेले, तरच उपवास पूर्णतः मोडल्याचा दोष लागतो, असे मिश्नाचे माप आहे. त्याहून कमी घेणेही निरोग्याला निषिद्धच. परंतु ज्याला घेणे भाग आहे त्याने त्या मापाच्या आत राहून, मध्ये वेळ सोडून घ्यावे. व्यवहारात हे सुमारे तीस मिलिलिटर धरतात आणि दोन घोटांमध्ये साधारण नऊ मिनिटांचे अंतर ठेवतात. ही ‘शिऊरीम’ची, म्हणजे मापाची, पद्धत. औषधाच्या लहान पेल्यावर आदल्या दिवशीच खूण करून ठेवतात आणि घड्याळ शेजारी ठेवतात. हिशेब केला तर तासाला दोनशे मिलिलिटर पाणी सहज पोटात जाते, पाच तासांत एक लिटर. म्हणजे मापाने पिणारी आई तहानेली राहतेच असे नाही. काही रब्बी तिला सकाळपासूनच असे पिण्याची अनुमती देतात, काही दूध कमी होत असल्याची चिन्हे दिसेपर्यंत थांबायला सांगतात. म्हणून प्रश्न आगाऊ विचारावा लागतो. ऐन दिवशी भोवळ आल्यावर विचारायला वेळ नसतो.

वैद्यकाचे म्हणणे काय? पहिल्या सहा महिन्यांत आई दिवसाला सरासरी पाऊण लिटर दूध देते, आणि हे पाणी तिच्याच शरीरातून जाते. निरोगी स्त्रीने एक दिवस उपवास केल्याने दूध एकाएकी आटत नाही, शरीर आधी बाळाची सोय पाहते. इस्रायलमध्ये अशा उपवासापूर्वीचे आणि नंतरचे दूध तपासले गेले, तेव्हा त्यातील सोडियम आणि प्रथिने थोडी वाढलेली व दुग्धशर्करा कमी झालेली आढळली. स्निग्धांश मात्र जवळपास तसाच होता. पुष्कळ आयांचा अनुभव असा की घट जाणवते ती दुसऱ्या दिवशी, आणि भरपूर पाणी पिऊन बाळाला वारंवार पाजल्यावर एक-दोन दिवसांत भरून निघते.

तरीही सर्व बाळे सारखी नसतात. आठ महिन्यांचे मूल पेज-खिमट खाऊ लागलेले असते, त्याच्या आईचा प्रश्न बराच हलका. तीन आठवड्यांच्या बाळाचा पान्हा अजून नीट बसलेला नसतो. ते अपुऱ्या दिवसांचे असेल, काविळीने पिवळे पडलेले असेल किंवा वजन धरत नसेल, तर पंचवीस तास फार मोठे होतात. लघवीचे ओले लंगोट कमी होणे, तोंड कोरडे पडणे, टाळू खोल जाणे, बाळ सुस्त होऊन पिण्यासाठीही जागे न होणे, ही चिन्हे दिसताच आईने उपवास सोडावा आणि बाळाला डॉक्टरांकडे न्यावे, यात वैद्य आणि रब्बी यांचे दुमत नाही. आईला भोवळ येत असेल, डोके फुटत असेल, लघवी गडद होत असेल, तर तोही इशाराच.

उपवास करणारी आई तयारी आधीपासून करते. दोन-तीन दिवस पाणी वाढविणे, कॉफी हळूहळू कमी करणे, खारट-तिखट टाळणे, जमल्यास दूध काढून गोठवून ठेवणे. उपवासापूर्वीचे जेवण हेही धर्मकृत्यच मानले आहे. जो नवमीला नीट जेवतो त्याने नवमी आणि दशमी दोन्ही दिवस उपवास केल्यासारखे होते, असे तालमूद सांगतो. आपल्या धारणेच्या दिवसाशी याचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. आणखी एक गोष्ट रब्बी आग्रहाने सांगतात. सिनेगॉगमध्ये जाऊन प्रार्थना करण्यापेक्षा घरी पडून राहून उपवास तडीस नेणे श्रेष्ठ. मोठी मुले त्या दिवशी पतीने सांभाळावीत, त्यासाठी त्याची सामूहिक प्रार्थना हुकली तरी चालेल. हा उपदेश पुरुषांच्या पचनी नेहमीच पडतो असे नाही.

अडते ते बहुधा विचारण्यापाशी. दुधाविषयी, अंगावरच्या रक्तस्रावाविषयी पुरुष धर्मगुरूशी बोलायला नवी आई संकोचते आणि न विचारताच, जिवाच्या करारावर, उपवास रेटते. यरुशलेममधील ‘निश्मत’ या स्त्रियांच्या धर्मशिक्षणसंस्थेने शास्त्र आणि स्त्रीवैद्यक दोन्ही शिकलेल्या स्त्री-सल्लागार घडविण्यास आरंभ केला, आणि १९९९ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांच्या दूरध्वनीसेवेवर स्त्रिया असले प्रश्न मोकळेपणाने विचारतात. बाळ किती दिवसांचे, बाटली घेते का, मागच्या उपवासात काय झाले होते, हे बाईने बाईला विचारलेले असते.

ज्या आईला खाण्यापिण्याचा निर्णय मिळाला, तिची रुखरुख सहजी जात नाही. घरातील सारे उपाशी आणि आपण पेला मोजतो आहोत, ही टोचणी राहते. शास्त्राने मात्र तिच्यावर बदली उपवास लादलेला नाही. दोषाची नोंद नाही, पुढे फेड नाही. घोट घेण्यापूर्वी ती नेहमीचा आशीर्वचन-मंत्र म्हणते. पोळी खाण्याची वेळ आलीच, तर भोजनोत्तर प्रार्थनेत सणावारी जो खास परिच्छेद जोडतात तो ती योम किप्पूरचे नाव घेऊन जोडते. वर्षातील इतर कोणत्याही जेवणानंतर त्या जागी हे नाव येत नाही.