१९ गुण, १९ हजार डॉलर

आंद्रे इन्ग्रमची गोष्ट बास्केटबॉलच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. दहा वर्षं जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये घाम गाळलेला, केस पिकू लागलेला बत्तीस वर्षांचा गडी. १० एप्रिल २०१८ रोजी लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला एनबीएत उतरवलं आणि पहिल्याच सामन्यात त्याने १९ गुण ठोकले. स्टेपल्स सेंटरमध्ये ‘एमव्हीपी’चा गजर झाला आणि दुसऱ्या दिवशी सबुरीच्या फळाचे मथळे सजले. माझ्या मते ही गोष्ट सबुरीची नाहीच. ती मजुरीची आहे, आणि त्या आठवड्यातले आकडे शेजारी-शेजारी मांडले की ते दिसतं.

आधी गुणपत्रक पाहा. आठ फेकींपैकी सहा बास्केट, त्यांतल्या चार तीन गुणांच्या रेषेबाहेरून. तीन फ्री थ्रो, तिन्ही आत. वर तीन ब्लॉक. समोर कुणी ऐरागैरा संघ नव्हता. त्या मोसमात ६५ सामने जिंकणारे ह्यूस्टन रॉकेट्स होते. (लेकर्स ९९-१०५ असे हरले, पण हरल्याचं सोयरसुतक त्या रात्री कुणालाच नव्हतं.) हे कसब काही एका रात्रीत अंगात आलं नव्हतं. अमेरिकन युनिव्हर्सिटीतून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या इन्ग्रमला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. २००७ साली तो युटा फ्लॅशमध्ये गेला. पुढे तो संघच गुंडाळला गेला. मग लेकर्सचा दुय्यम संघ, मध्ये थोडा काळ ऑस्ट्रेलियात पर्थला आणि पुन्हा तोच संघ. एनबीएचं बोलावणं येईपर्यंत त्याच्या खात्यावर ३८४ सामने होते आणि रेषेबाहेरून ७१३ बास्केट. लीगमध्ये तोवर कुणाच्याच नावावर इतक्या नव्हत्या. आकडे उघड होते, पण तोवर एकाही एनबीए संघाला तो हवासा वाटला नाही.

आता पैशाचे आकडे. २०१७-१८ च्या अख्ख्या मोसमाचे इन्ग्रमला मिळाले सुमारे १९,००० डॉलर, म्हणून तो गणिताच्या शिकवण्याही घ्यायचा. मोसमाच्या शेवटी लेकर्सचे खेळाडू जायबंदी झाल्यावर जो करार झाला, त्यात उरलेल्या दोन सामन्यांचे मिळाले १३,८२४ डॉलर. माणूस तोच, फेक तीच, मालकही तेच. इतकंच काय, दुय्यम संघाचे घरचे सामने व्हायचे तेही एल सेगुंडोच्या लेकर्सच्याच सराव केंद्रात. त्या रात्री ह्यूस्टनकडून खेळणारा क्रिस पॉल इन्ग्रमच्याच वयाचा, दोघांचा जन्म १९८५ चा. पॉलचा त्या मोसमाचा पगार २ कोटी ४६ लाख डॉलर, म्हणजे जवळपास तेराशे पट. पॉल थोर खेळाडू आहे, त्याला जास्त मिळावेत यात वाद नाही. पण दोघांच्या खेळात तेराशे पटींचं अंतर आहे, असं गुणपत्रक तरी म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जी लीग ही नोकरी नव्हे, शाळा आहे, शिकायचं आणि पुढे जायचं. मग दहा वर्षं अव्वल असलेला विद्यार्थी वर्गातच का बसून राहतो? कारण वरचे संघ आजच्या खेळापेक्षा उद्याच्या शक्यतेला भाव देतात. बावीस वर्षांच्या उंच पोराची शक्यता तिशीतल्या माणसाच्या अचूक नेमापेक्षा महाग. आपल्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये निवडलं, ते सात फूट दोन इंच उंची पाहूनच. पुढे त्याची कारकीर्दही टेक्सास लेजेंड्स या दुय्यम संघातच अडकली.

दुसऱ्या आक्षेपात जास्त दम आहे: या सामन्यांना प्रेक्षकच नसतात, तर पगार आणायचा कुठून? गल्ल्यापुरतं हे खरं आहे. पण हे संघ तिकिटांवर चालवलेच जात नाहीत. जायबंदी खेळाडूला सूर सापडावा, नवख्याला मिनिटं मिळावीत, म्हणून एनबीए ते पोसते. आक्रमणात रिबाउंड मिळाल्यावर घड्याळ चोवीसऐवजी चौदा सेकंदांवर आणण्याचा नियम आधी इथेच वापरून पाहिला गेला. प्रशिक्षकाला पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची मुभाही तशीच आली. प्रयोगशाळेचा हिशेब तिकीटखिडकीवर मांडायचा, ही मालकांच्या सोयीची लबाडी आहे. ‘नको तर परदेशी जा’ हा सल्ला तर ऐकवतही नाही. इन्ग्रम जाऊन आला होता.

पुढच्याच मोसमात जी लीगचा मूळ पगार पाच महिन्यांना ३५,००० डॉलर झाला. वाढ झाली, पण ती देणाऱ्यांनी ठरवलेली. एनबीए खेळाडूंच्या संघटनेत जी लीगवाल्यांना जागा नव्हती. तिचा तेव्हाचा अध्यक्ष कोण? क्रिस पॉल. त्याच संघटनेच्या मदतीने जुलै २०२० मध्ये जी लीगच्या खेळाडूंनी बहुमताने आपली वेगळी संघटना उभी केली आणि तिचं अध्यक्षपद आंद्रे इन्ग्रमकडे आलं. एनबीएत तो एकूण सहा सामने खेळला. चरित्रकारांनी ते जरूर लिहावेत, पण माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतली मोठी नोंद या अध्यक्षपदाची आहे.