बाळंतपणाला माहेरी येणारी शार्क

सौंसर-पांढुर्ण्याहून समुद्र गाठायचा तर पूर्वेला निघा की पश्चिमेला, शेकडो किलोमीटर जावं लागतं. तरीही प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या जुन्या पिढीला इथेही एक शार्क चांगली ठाऊक असते: स्कोलिओडॉन. कोकणात ज्या लहान शार्कना मुशी म्हणतात, त्यांतलीच ही. लखनौच्या प्राध्यापिका ई. एम. थिल्लयमपलम यांनी १९२८ साली तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि देशभरातले विद्यार्थी तिचं विच्छेदन करून शरीररचना शिकले.

या मादीच्या पोटात मोठं नवल घडतं. शार्कच्या ज्ञात जातींमध्ये सर्वांत चिमुकलं अंडं हिचं, जेमतेम १ मिलिमीटरचं. त्यात बलक जवळजवळ नसतोच. मग पिल्लू वाढतं कशावर? आईच्या पोषणावर! मासा असूनही हिच्या गर्भाशयात वार तयार होते. नाळेवर बारीक तंतूंची दाट लव उगवते. पाच-सहा महिन्यांनी १२ ते १५ सेंटिमीटरची जिवंत पिल्लं बाहेर येतात, एका वेळी डझनभरसुद्धा.

मोठ्या शार्कच्या माद्या तर महासागर पालथे घालतात. नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ शास्त्रज्ञांनी ‘निकोल’ नावाच्या पांढऱ्या शार्क मादीला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं. ९९ दिवसांत सुमारे ११,००० किलोमीटर पोहून ती ऑस्ट्रेलियाला पोहोचली. तिथे यंत्र सुटलं. पण ऑगस्ट २००४ मध्ये ती पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दिसली. ओळख पटली ती पाठीवरच्या पराच्या खाचांवरून.

बहामातल्या बिमिनी बेटावरचा शोध याहून हृद्य आहे. तिथल्या लेमन शार्कच्या पिल्लांची जनुकीय नोंद १९९५ पासून वर्षानुवर्षं ठेवली गेली. त्यातून कळलं, की तिथे जन्मलेल्या किमान सहा माद्या १४ ते १७ वर्षांनी बाळंतपणाला त्याच माहेरी परतल्या होत्या.

म्हणून शार्क वाचवायची तर नुसती मासेमारीवर बंधनं घालून भागणार नाही. पिल्लं वाढतात ते किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि खारफुटीही राखायला हवी. माहेरच बुजवलं, तर लेक येणार कुठे?