पूर्वेकडचा सपाट रस्ता : तलाव, नहर आणि सायकल

नागपूर शहर एका भूशास्त्रीय सीमेवर वसले आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट खडक पश्चिमेकडून पसरत येतो आणि साधारण या शहरापाशी संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. तिच्या पूर्वेला बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने नीस आणि शिस्ट हे खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावर कन्हान, सांड, सूर, वैनगंगा या नद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे. काटोल किंवा अमरावतीच्या रस्त्याला लागलेल्या सायकलस्वाराला चढउतार भेटतात, बाजूला संत्र्याच्या बागा आणि कपाशी. भंडारा, कुही, मौदा या बाजूला निघालेल्याला धानाच्या बांध्या लागतात आणि गिअर तासन् तास बदलावा लागत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे. साठेक किलोमीटरवरचे भंडारा त्याहून साठेक मीटरनेच खाली. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम मीटरभर उतार, जो डोळ्यांना दिसत नाही आणि पायांनाही क्वचितच कळतो.

हा सपाटपणा सगळाच निसर्गाने दिलेला नाही. जमीन मुळात मंद उताराची. तिच्यावर पाणी अडवून, बांध्या पाडून माणसांनी ती पायरी-पायरीने समतल केली. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व तालुक्यांत हे काम शतकानुशतके चालले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते. इंग्रजी अमलात गावाचा सारा वसूल करणारे मालगुजार या तलावांचे धनी झाले, म्हणून नाव पडले मालगुजारी तलाव. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि बोलीभाषेत ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भात त्यांची नोंदलेली संख्या 6,862 आहे. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि 100 हेक्टरांच्या आत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. देखभालीची जुनी गावकी व्यवस्था मात्र या वाटणीत कुणाच्याच वाट्याला आली नाही, आणि बरेच तलाव गाळाने भरत गेले.

तलावाची रचना समजली की रस्त्याची रचनाही उलगडते. उताराला आडवी मातीची पाळ घातलेली असते. तिला झाडीबोलीत पार म्हणतात. तीन बाजूंनी पाणी जमिनीच्या नैसर्गिक चढाला टेकते. पारेतून पाणी सोडण्याची सोय म्हणजे तुडुम, आणि जादा पाणी वाहून जाण्याची वाट म्हणजे सलंग. सलंगेवरून निघालेले पाणी खालच्या तलावात जाते, तिथले त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. अशी साखळी मैल-दोन मैल चालते. कित्येक ठिकाणी गावाचा रस्ता पारेवरूनच जातो, कारण पावसाळ्यात कोरडी राहणारी उंच जागा तेवढीच. त्यामुळे या भागात दिवसभरातला एकमेव चढ बहुधा तलावाच्या पारेवर चढण्याचा असतो, चार-पाच पायडल उभ्याने मारावेत इतकाच. वर पोचले की एका हाताला पाणी, शिंगाड्याचे वेल, ढिवरांच्या डोंग्या. दुसऱ्या हाताला पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली धानाची शेते.

तलावांनंतर आल्या नहरा. कालवा हा शब्द सरकारी कागदावर असतो, बोलण्यात मात्र नहर किंवा कॅनाल. या भागातली सायकलस्वारांच्या सर्वांत उपयोगाची नहर पेंच प्रकल्पाची. पेंच नदीवर वर तोतलाडोह आणि खाली नवेगाव खैरी अशी धरणे आहेत. खालच्या धरणातून उजवी आणि डावी अशा दोन नहरा निघतात. नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग याच प्रकल्पातून येतो. नहर खोदताना पाणी आपोआप वाहावे यासाठी अभियंता जमिनीच्या समोच्च रेषेचा माग धरतो आणि हजारो मीटरमागे एखाद-दुसऱ्या मीटरचाच उतार ठेवतो. नहरेच्या कडेचा तपासणी रस्ता अर्थातच तितकाच सपाट असतो. चढ नाही, चौक नाही, ट्रक नाही. वळणे मात्र फार, कारण जमिनीची प्रत्येक सूज नहरेला वळसा घालून ओलांडावी लागते. रस्ता मुरमाचा, कडेला बेशरम आणि बाभळी. बारीक टायरच्या रोड सायकलला हा रस्ता सोसत नाही. 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर हवे, आणि बाभळीचा काटा त्यालाही सोडतोच असे नाही.

प्रत्यक्ष फेऱ्यांत रामटेकची फेरी सगळ्यांत जुनी आणि लोकप्रिय. कामठीवरून कन्हान ओलांडून मनसरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग 44 आणि तिथून उजवीकडे रामटेक, असे पन्नासेक किलोमीटर. महामार्गावरून जाणे सोपे, पण नीरस. या प्रदेशाची ओळख परतीच्या वाटेवर होते. रामटेकच्या डोंगराच्या पायथ्याशी देवळांनी वेढलेला अंबाळा तलाव आहे, पुढे सूर नदीवर बांधलेला खिंडसीचा जलाशय. तिथून दक्षिणेला नगरधन. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे मानले जाते. सपाट शेतांमधून किल्ल्याची तटबंदी दुरूनच दिसते. नगरधनवरून मौद्याकडे उतरणारा रस्ता धान, नहरा आणि छोट्या गावांतून जातो, आणि मौद्याला राष्ट्रीय महामार्ग 53 गाठता येतो.

दुसरी फेरी कुही-मांढळवरून अंभोऱ्याची. इथे वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान प्रवाहांचा संगम आहे, काठावर चैतन्येश्वराचे देऊळ. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ इथेच रचला असे एक परंपरा सांगते. अंबाजोगाईचा दावाही आहेच. आता संगम पूर्वीसारखा दिसत नाही. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचा, ज्याची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली, फुगवटा इथपर्यंत येतो. त्यात कुही तालुक्यातली गावे गेली, काही रस्तेही पाण्यात गेले, त्यामुळे जुना नकाशा भरवशाचा राहिला नाही. पुनर्वसित गावे सरळ आखीव गल्ल्यांवरून ओळखू येतात. अंभोऱ्याचा नवा केबल-स्टेड पूल नागपूर आणि भंडारा जिल्हे जोडतो आणि सुटीच्या दिवशी गर्दी खेचतो. त्याच पाण्यात नागनदीमार्गे नागपूरचे सांडपाणीही येते, जलपर्णी फोफावते. पुलावर मोबाइल उगारून उभे असलेल्यांना हे दिसत नाही असे नाही.

तिसरा रस्ता उमरेड-भिवापूर-पवनीचा. तो पहिल्या दोहोंइतका सपाट नाही, मध्ये जंगलाचा पट्टा आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जवळच असल्याने पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळनंतर या टप्प्यात एकट्याने जाऊ नये. पूर्वी रस्त्याच्या सोबतीने नागपूर-नागभीड नॅरोगेज धावत असे. रुंदीकरणासाठी ती 2019 मध्ये बंद झाली.

सपाट रस्ता सोपा, हा समज घाटात सायकल चालवणाऱ्यांचा. घाटात चढ संपला की उतार मिळतो आणि पाय थांबतात. सपाटीवर पाय थांबले की सायकल थांबते. पाच तासांच्या फेरीत पाचही तास पायडल फिरत राहते, बसण्याची ढब बदलत नाही, आणि आधी तक्रार करतात ते तळहात, मान आणि बैठक. शिवाय वारा. ताशी 30 किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची तीन-चतुर्थांशाहून अधिक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून चार जण एकामागोमाग चिकटून चालतात; मागच्याचा हवेचा विरोध चांगलाच घटतो, आणि पुढचा दमला की जागा बदलतो. नेदरलँड्स या सपाट देशात तर उलट्या वाऱ्याचीच स्पर्धा 2013 पासून होते. जोरदार वादळी वारा सुटला की समुद्रकाठच्या बंधाऱ्यावर, गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर, 8.5 किलोमीटर.

नागपूरचा वारा तितका दांडगा नाही, पण त्याचे वेळापत्रक आहे. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो. सकाळी भंडाऱ्याकडे जाताना पाठीवर असतो आणि परतताना तोंडावर. नवख्या माणसाला जातानाचा वेग स्वतःचा वाटतो. हिवाळ्यात पहाट निवांत असते, वारा दहाच्या सुमारास उठतो. उन्हाळ्याबद्दल फार लिहायला नको. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती, आणि मे महिन्यात आठ वाजल्यानंतर उघड्या रस्त्यावर राहणे हा शहाणपणा नव्हे.

शेतीचे कॅलेंडर रस्त्यावरही उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. चिखलणीसाठी लोखंडी केजव्हील लावलेले ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना डांबरावरून जातात, रस्ता खरवडतात आणि मातीचे गोळे टाकतात. त्यांवर पाऊस पडला की बारीक टायर सरकतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला येतो, मग जड धान. या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेला असतो. त्यावरून सायकल नेऊ नये, घसरण्याच्या भीतीने आणि शिष्टाचार म्हणूनही. तणीस चेनमध्ये अडकते. वर्षभराचा धोका मात्र रेतीचा. कन्हान आणि वैनगंगेच्या रेतीचे ट्रक वळणावर रेती सांडत जातात.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगला हा प्रदेश चांगला मानवतो. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी होणाऱ्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब फेऱ्यांमध्ये 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत आणि 600 चाळीस तासांत पुरे करायचे असतात. नंबर काढले जात नाहीत, वेळेत पोचणे पुरते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये एकट्याने उतरले आणि सुमारे 4,800 किलोमीटर 11 दिवस 21 तासांत संपवले, मुदत 12 दिवसांची होती. पुढच्या वर्षी त्यांनी रशियातली 9,000 किलोमीटरहून मोठी ट्रान्स-सायबेरियन शर्यत पुरी केली.

या रस्त्यांवरचे खरे बहुसंख्य सायकलस्वार मात्र वेगळे आहेत. मागे डबा बांधून मासळी विकायला निघालेला ढिवर, दूधवाला, आणि शाळेच्या वेळेला ओळीने जाणाऱ्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि शाळा पाच किलोमीटरवर असली तरी शिक्षण सुटू नये ही त्यामागची कल्पना होती. हेल्मेट, चष्मा आणि घट्ट कपड्यांतली शहरी टोळी या मुलींच्या रांगेला घंटी न वाजवता कापत जाते तेव्हा ती उद्धट दिसते.

तालुक्याच्या गावी सकाळी तर्री-पोहे आणि आलूबोंडा मिळतो, पाणी हातपंपाचे. पंक्चरवालाही जवळपास प्रत्येक बाजारगावात आहे, पण त्याच्याकडे ट्यूब असते ती साध्या 28 इंची सायकलीची. रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याचा पंप बसत नाही. दोन जास्तीच्या ट्यूब, छोटा पंप आणि दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर सोबत ठेवला तर त्याच्या पंपानेही हवा भरता येते.