आर्ट्सला जायचंय? जरूर जा, पण कुठे?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. सेमिस्टरचा शेवटचा पेपर टाकून घरी गेलो, तर घरात कर्फ्यू! धाकट्या बहिणीने जाहीर केलं होतं की बारावी सायन्स झाली तरी ती इंजिनीअरिंगला जाणार नाही, तिला सामाजिक शास्त्रं शिकायची आहेत. बाबांचं एकच पालुपद, "एवढे मार्क पडणार आणि बी.ए. करणार?" आई गप्प. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात 'पुण्यात शिकणारा दादा' म्हणजे चालतंबोलतं माहिती केंद्रच असतं ना!

बहिणीने विचारलं, "दादा, तू तुझं कॉलेज कसं निवडलंस रे?"

खरं सांगू का मित्रांनो? मी निवडलंच नव्हतं. कॅप राऊंडच्या यादीत जिथे नाव लागलं तिथे बॅग घेऊन आलो. आपल्यापैकी बहुतेकांचं हेच आहे. पण बाबांनी अट घातली होती, "कुठे जायचं आणि तिथेच का, हे मला पटवा. नाहीतर इंजिनीअरिंगचा फॉर्म भरायचा." मग पंधरा दिवस आम्ही दोघांनी चौकशीचा सपाटाच लावला. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय. तुमच्याही घरी असं एखादं भावंडं असेलच.

१. आधी विषय, मग विद्यापीठ

'सोशल सायन्स' ही काही एक ब्रँच नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र ही सगळी भावंडं, पण स्वभाव वेगवेगळे. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरमध्ये जेवढा फरक, तेवढाच इथेही. अर्थशास्त्रात गणित आणि संख्याशास्त्र भरपूर. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला प्रवेश परीक्षेत मॅथ्स द्यावंच लागतं. म्हणजे सायन्सवाल्यांचं गणित इथे वाया जात नाही, उलट कामी येतं. (बाबांना पटलेला हा पहिला मुद्दा!)

आणि अठराव्या वर्षी निवडलेला विषय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमधून पदवी घेतली ती तत्त्वज्ञानात. समाजशास्त्राकडे त्या नंतर वळल्या, मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली.

२. नाव मोठं, पण पदवीचा वर्ग कुठे भरतो?

आमची पहिली यादी म्हणजे निव्वळ ऐकीव नावं. त्यात जेएनयू सगळ्यात वर. चौकशी केली तर कळलं, १९६९ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ सामाजिक शास्त्रांसाठी प्रसिद्ध आहे खरं, पण ते एम.ए. आणि पीएच.डी.साठी. तिथलं बी.ए. परकीय भाषांचं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचंही तसंच, तिथे पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पदवीसाठी दिल्लीत कॉलेजंच गाठावी लागतात. मुंबईच्या 'टिस'ची (स्थापना १९३६) ख्याती मुख्यतः एम.ए.ची. पदवीचं शिक्षण त्यांनी तुळजापूरच्या कॅम्पसवरही दिलंय, म्हणजे आमच्या घरापासून एस.टी.च्या अंतरावर, आणि आम्हाला पत्ताच नव्हता!

रँकिंगचंही तेच. केंद्र सरकारची एनआयआरएफ यादी २०१६ पासून निघते. त्यात विद्यापीठाच्या गुणांत संशोधनाचा मोठा वाटा असतो. पण पहिल्या वर्षाच्या पोराला वर्गात कोण शिकवणार, हे त्या आकड्यातून कळत नाही. कॉलेजांची यादी वेगळी असते, पदवीसाठी बघायचीच तर ती बघा.

३. विद्यापीठ की कॉलेज?

आपल्याकडे संलग्न कॉलेजात सिलॅबस विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, शिकवणं मात्र कॉलेजचं. त्यामुळे 'पुणे विद्यापीठाचं बी.ए.' म्हटल्याने काहीच कळत नाही. एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. स्वायत्त कॉलेजं, उदाहरणार्थ पुण्याचं फर्ग्युसन किंवा मुंबईचं सेंट झेवियर्स, आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. १९३० साली स्थापन झालेली पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट हे अभिमत विद्यापीठ. तिथे पूर्वी पदव्युत्तर शिक्षणच होतं, आता अर्थशास्त्राचं बी.एस्सी. सुद्धा सुरू झालंय. याशिवाय बंगळुरूचं अझीम प्रेमजी, सोनिपतचं अशोका अशी खाजगी विद्यापीठं आहेत.

४. फी, भाषा आणि तारखा

सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची फी काही हजारांत भागते. खाजगी विद्यापीठांत आकडा लाखांत जातो. पण तेवढ्यावरून ती नावं खोडू नका. अझीम प्रेमजी आणि अशोका, दोन्हीकडे घरची परिस्थिती पाहून फी माफी किंवा सवलत मिळते. तिचा अर्ज मात्र वेळेत करायला हवा. आणि फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. हॉस्टेल, मेस, येण्याजाण्याचं भाडं मांडलं की स्वस्त वाटणारं दिल्लीसुद्धा महाग पडू शकतं.

भाषेचं म्हणाल तर पुणे विद्यापीठात बी.ए.चे पेपर मराठीत लिहिता येतात. पण पुढची बरीच पुस्तकं इंग्रजीतच आहेत, तेव्हा वाचायची सवय लवकर लावलेली बरी.

आता आमची चूक. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठासकट केंद्रीय विद्यापीठांत पदवीचा प्रवेश 'सीयुईटी' या परीक्षेतून होतो. ती मराठीतूनही देता येते. पण तिचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपास, कधी त्याही आधी निघतात. आम्ही जागे झालो मे महिन्यात! दिल्लीचं दार त्या वर्षापुरतं बंद झालं होतं. बहीण त्या रात्री जेवली नाही. सीईटीच्या तारखा मला तोंडपाठ होत्या, आणि ही परीक्षा असते हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून सांगतो, निदान बारावीच्या दिवाळीत ही यादी करा.

५. जाऊन बघा आणि विचारा

आम्ही पुण्यातली तीन कॉलेजं पायी पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारले. विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती? लायब्ररी संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी? पोरांना फील्डवर्कला, सर्व्हेला नेता का? नव्या धोरणानुसार पदवी तीन वर्षांची आणि ऑनर्ससाठी चौथं वर्ष, तर चौथं वर्ष इथेच होतं का? एका चकचकीत कॉलेजात लायब्ररीला कुलूप होतं. दुसऱ्या जुनाट इमारतीत एका मॅडमनी अर्धा तास बसवून बहिणीलाच उलट प्रश्न विचारले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "इथेच."

६. नोकरीचं काय?

हा प्रश्न बाबांचा, आणि रास्त आहे. आपल्यासारखं कॅम्पस प्लेसमेंट बहुतेक बी.ए.च्या कॉलेजात नसतं, हे कबूल केलेलं बरं. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी लागते, प्राध्यापकीला त्यानंतर नेट किंवा सेट. यूपीएससी, पत्रकारिता, वकिली, स्वयंसेवी संस्था असे बाकीचे रस्तेही आहेत. पण एकूण हिशोब तीन नव्हे, पाच-सहा वर्षांचा धरा. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा बाबा पहिल्यांदा शांतपणे म्हणाले, "एवढं स्पष्ट कुणी बोललंच नव्हतं."

शेवटी बहिणीने त्या जुनाट इमारतीतल्या अनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला. विषय अर्थशास्त्र, जोडीला संख्याशास्त्र. दिल्ली एम.ए.ला बघू म्हणते. पहिल्या सत्रातच भाजी मंडईत सर्व्हेला जाऊन आली, आणि माझं जर्नल मात्र अजून अपूर्ण!

असो. परवा बाबांचा तिला फोन आला. खुशाली वगैरे झाल्यावर म्हणाले, "काय गं, सोलापूरला कांद्याचा भाव एका आठवड्यात एवढा कसा पडतो?"

ती म्हणाली, "बाबा, अजून दुसरंच सेमिस्टर चालू आहे. वाचून सांगते."